चाकावर घडवलेल्या भांड्यावर अमूर्त रंगसजावट

भांडे घडवणे आणि ते रंगवणे ही दोन वेगळी कामे समजली की सजावट वरून चिकटवल्यासारखी दिसते. रंगाचा फटकारा कसा उमटणार हे दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्या वेळी माती किती ओली आहे आणि भांड्याचे पोट कुठे वळते आहे. दोन्हींचा विचार गोळा चाकावर बसवण्याआधीच करायला हवा. म्हणून इथे एकच भांडे धरून सगळी कृती दिली आहे: ओली असताना साधारण १७ सेंटिमीटर उंच आणि पोटाशी १४ सेंटिमीटर रुंद, साध्या तोंडाची फुलदाणी. माती स्टोनवेअरची (जास्त तापमानाला घट्ट भाजणारी), तिच्यावर पांढऱ्या स्लिपचा, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या मातीचा थर, त्यावर रंगीत स्लिप आणि रंग देणाऱ्या धातूंच्या ऑक्साइडची चित्रकारी, वरून पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. शेवटची भाजणी कोन ६ ची, म्हणजे सुमारे १२२० अंश सेल्सिअसची (कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका).

माती

गुळगुळीत, फिकट भाजणारी माती घ्या. ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरडा) जास्त असलेली माती उंच भांड्याला आधार देते खरी, पण तिच्यावर ब्रश अडखळतो आणि कोरलेली रेघ कडेला फाटते. गडद माती हवी असेल तर तीही चालते. पांढऱ्या स्लिपमधून कोरलेली रेघ तिच्यावर जास्त उठून दिसते, मात्र स्लिपचा थर जरा जाड द्यावा लागतो.

आकसणे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. मातीची १४ सेंटिमीटर लांब पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ कोरा आणि शेवटच्या तापमानाला भाजा. रेघ ८.८ सेंटिमीटर उरली तर माती १२ टक्के आकसते. म्हणजे वर दिलेली १७ सेंटिमीटरची फुलदाणी भट्टीतून जेमतेम १५ सेंटिमीटरची होऊन निघेल. आकारमान त्याहून बरेच घटते, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात. ४४० मिलिलिटर मावणारे ओले भांडे भाजल्यावर ३०० मिलिलिटरचे उरते. सजावटीलाही हाच नियम लागू आहे. ओल्या मातीवर एकमेकींपासून ३ मिलिमीटरवर काढलेल्या रेघा भाजल्यावर आणखी जवळ येतात, वर ग्लेझ पसरले की एकमेकींत मिसळतात.

या फुलदाणीसाठी १.२ किलो माती तोला. मळताना साठ-सत्तर वळणे द्या आणि मग तारेने गोळा मधोमध कापून बघा. कापलेल्या भागात पोकळी किंवा घट्ट-मऊ पट्टे दिसले तर पुन्हा मळा. अडकलेल्या हवेमुळे भांडे भट्टीत फुटते असा समज आहे. भांडे फोडते ती वाफ, मातीत राहून गेलेल्या पाण्याची. हवेचा बुडबुडा त्रास देतो तो चाकावर, भिंत ओढताना बोट त्याच्यावरून गेले की काठ डुलायला लागतो.

चाकावर

गोळा कोरड्या चाकावर जोरात बसवा आणि त्याची खालची कड बोटाने दाबून चिकटवा. इलेक्ट्रिक चाकावर उजव्या हाताने काम करणारे बहुतेक जण चाक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात. जपानमध्ये घड्याळाच्या दिशेने फिरवायची पद्धत आहे. दिशा कुठलीही चालेल, फक्त शिकताना बदलू नका.

मध्यावर आणताना वेग जास्त ठेवा, मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास. कोपर मांडीवर किंवा कमरेशी टेकलेले हवेत. हात अधांतरी राहिले तर गोळा हाताला हलवतो, हात गोळ्याला नाही. माती दोन-तीनदा शंकूसारखी वर चढवून खाली दाबा. मग एक बोट गोळ्याच्या कडेला अलगद टेकवून ठेवा. बोट स्थिर राहिले तर गोळा मध्यावर आहे. थोडेसेही मागे-पुढे होत असेल तर पुढे जाऊ नका, ही चूक नंतर भिंतीत दुप्पट होते.

मध्ये अंगठ्याने भोक पाडा आणि तळाला ९ ते १० मिलिमीटर माती ठेवा. सुई टोचून खात्री करून घ्या, टोचल्याची खूण नंतर पुसता येते. तळ ८ सेंटिमीटरपर्यंत रुंद केला की तो मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे असा पाच-सहा वेळा दाबून घट्ट करा. हा टप्पा घाईत सुटतो आणि त्याची शिक्षा फार उशिरा मिळते: वाळताना किंवा भाजल्यावर तळाच्या मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. तळाची माती भिंतीसारखी ओढली जात नाही, म्हणून तिचे कण सैल राहतात. त्यात तळाशी पाणी साचले असेल तर तो भाग सगळ्यात शेवटी वाळतो आणि ताणाने फाटतो. साचलेले पाणी स्पंजने टिपत राहा.

भिंत ओढताना वेग निम्म्यावर आणा. तळाच्या कोपऱ्यात माती नेहमी जास्त राहते, सुरुवात तिथूनच करा. चाकाच्या एका फेरीत हात बोटाच्या जाडीएवढा वर गेला पाहिजे. त्याहून भरभर गेला तर भिंतीत जाड-पातळ सर्पिल पडते. तीन ओढींत १९-२० सेंटिमीटर उंचीचा सरळ नळकांडा झाला पाहिजे. पाच-सहा ओढी लागत असतील तर माती पाणी पिऊन मऊ पडते आणि पोट काढताना बसते. प्रत्येक ओढीनंतर काठ दोन बोटांत धरून वरून तिसऱ्या बोटाने हलकेच दाबा.

आता वेग अजून कमी, ६० ते ८० फेऱ्या. आतल्या हाताने पोट बाहेर काढा, बाहेरून रिबचा (आकार देण्याच्या चपट्या पट्टीचा) आधार द्या. उंची दोन सेंटिमीटरने कमी होईल, नळकांडा मुद्दाम उंच घेतला होता तो याचसाठी. तोंड आवळताना मात्र वेग पुन्हा वाढवा आणि दोन्ही हातांनी सगळीकडून सारखे दाबा. भिंत फार पातळ असेल किंवा चाक हळू असेल तर गळ्याला सुरकुत्या पडतात.

पृष्ठभागाचा निर्णय इथेच घ्यायचा. बोटांचे वळसे ठेवले तर त्यांच्यावरून जाणारा ब्रश फक्त उंचवट्यांना रंग लावत जातो आणि रेघ तुटक येते. ते छान दिसू शकते, पण सगळ्या भांड्यावर एकसारखे झाले की कंटाळवाणे होते. खांद्यापासून पोटाच्या खालपर्यंत स्टीलच्या रिबने गुळगुळीत करून घ्या आणि वळसे फक्त बुडाकडच्या भागात ठेवा, हा चांगला तोडगा आहे. पोटावर कोपरा किंवा कंगोरा काढायचा असेल तर त्याला काहीतरी काम द्या: एका रंगाची हद्द तिथे संपू द्या.

घट्ट होईपर्यंत आणि खरडणे

तारेने कापून भांडे फळीवर ठेवा. काठ आधी वाळतो आणि बूड मागे राहते, म्हणून काठ हाताला चिकटेनासा झाला की वरचा भाग प्लॅस्टिकने सैलसर झाका. लेदर-हार्ड (चामड्यासारख्या घट्ट) अवस्थेची खूण अशी: नख रुतते, पण बोटाचा ठसा उमटत नाही, आणि भांडे उचलले तर वाकत नाही.

आता बुडाकडची जादा माती खरडायची, पण फुलदाणीचे तोंड लहान असल्याने ती उलटी करून सरळ चाकावर बसत नाही. घट्ट मातीचा जाड कडा असलेला पोकळ आधार चाकावर मध्यावर घडवा आणि भांड्याचा खांदा त्यात टेकवा. खरडताना माती लांब फितीसारखी निघाली तर वेळ बरोबर आहे. हत्याराला चिकटली तर थांबा, भुगा पडायला लागला तर उशीर झाला. पायाची कडी ६ ते ८ मिलिमीटर रुंद ठेवा आणि तिची बाहेरची धार तिरपी कापा. त्या तिरप्या कापामुळे भांड्याखाली सावलीची बारीक रेघ पडते, आणि ओघळलेले ग्लेझ भट्टीतल्या शेल्फपर्यंत पोहोचण्याआधी तिथे अडते.

पांढरी स्लिप

कोरड्या वजनाचे प्रमाण: बॉल क्ले ४०, चायना क्ले २५, फेल्डस्पार २०, क्वार्ट्झ १५. ही पावडर पाण्यात टाका, पावडरीवर पाणी ओतू नका, नाहीतर गुठळ्या राहतात. रात्रभर भिजवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून गाळा. ५०० ग्रॅम कोरड्या मिश्रणाला साधारण ४५० ते ५०० मिलिलिटर पाणी लागते. स्लिपमध्ये बोट बुडवून काढा. नखाची कड झाकली गेली, पण नखाचा आकार कळतो आहे, असा थर हवा. क्वार्ट्झ आणि मातीची कोरडी धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. त्यामुळे पावडर तोलताना धुळीसाठीचा मास्क लावा आणि सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

स्लिप खरडल्यानंतर लगेच द्यायची. भांडे पुढे वाळले की त्याचे आकसणे बरेचसे झालेले असते. ओली स्लिप मात्र आता आकसायला सुरुवात करते आणि काठावरून, कंगोऱ्यावरून पापुद्र्यासारखी सुटते. रुंद मऊ ब्रशने, भांडे हाताने फिरवायच्या बँडिंग व्हीलवर ठेवून, दोन किंवा तीन हात द्या. आधीच्या हाताची चकाकी गेल्याशिवाय पुढचा हात देऊ नका. आतून स्लिप द्यायची असेल तर ती आदल्या टप्प्यात देऊन काही तास जाऊ द्या. आत-बाहेर एकदम दिली तर भिंत दोन्हीकडून पाणी पिते आणि पोट खाली बसते.

रंग

रंगासाठी दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. सिरॅमिक स्टेन (तयार रंगपूड) भाजून दळलेले असल्याने स्थिर राहतात, त्यांची कड स्वच्छ येते. कच्ची ऑक्साइडे ग्लेझमध्ये विरघळतात, त्यांची कड मऊ होते, जाड लावली तर ओघळतात. एकाच भांड्यावर एक कडक आणि एक पसरणारा रंग वापरला तर चित्रात आपोआप खोली येते.

स्लिपमध्ये स्टेन कोरड्या वजनाच्या ८ ते १२ टक्के घाला. लाल आयर्न ऑक्साइड ४ ते ६ टक्के पुरते. कोबाल्ट ऑक्साइड ०.५ ते १.५ टक्के, त्याहून जास्त झाले की निळा जवळजवळ काळा होतो. कोबाल्ट नीट घोटले नाही तर निळे ठिपके राहतात, म्हणून रंगीत स्लिप १२० मेशमधून गाळा.

स्लिप आधीच पातळ करून ठेवली असेल तर टक्के कशाचे काढायचे हा प्रश्न येतो. १०० मिलिलिटर स्लिप तोला. समजा १४५ ग्रॅम भरली. त्यातून १०० वजा करा, उरलेल्या ४५ ला १.६२५ ने गुणा. ७३ ग्रॅम आले, एवढी त्यातली कोरडी माती. १० टक्के स्टेन म्हणजे ७.३ ग्रॅम. गुणक २.६ घनतेवरून येतो (२.६ भागिले १.६), माती, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांना तो चालतो.

रेघांसाठी ऑक्साइडचे पातळ पाणी वेगळे करा: आयर्न ऑक्साइड एक भाग, फ्रिट (दळलेली, सहज वितळणारी काच) एक भाग, आणि वाहेल इतके पाणी. फ्रिटशिवाय लावले तर ऑक्साइड कोरडे राहून हाताला लागते आणि जाड जागी त्यावरून ग्लेझ सरकते. हे मिश्रण दोन मिनिटांत तळाशी बसते, ब्रश बुडवताना दर वेळी ढवळा.

रंगांचे आणि ग्लेझचे काही वैर आहे ते आधी माहीत असलेले बरे. क्रोमचा हिरवा झिंक असलेल्या ग्लेझखाली तपकिरी होतो. क्रोम-टिनच्या गुलाबीला कॅल्शियम भरपूर असलेले आणि झिंक नसलेले ग्लेझ लागते, नाहीतर तो राखाडी पडतो. कोबाल्ट मॅग्नेशियमजवळ जांभळट होतो. तांबे उंच तापमानाला उडून शेजारच्या भांड्यावर हिरवट डाग देते, शिवाय आम्लाच्या संपर्काने ग्लेझमधून पाझरू शकते. म्हणून खाण्यापिण्याच्या भांड्याच्या आत तांबे नको. मँगनीजची पावडर आणि भट्टीतला धूर दोन्ही विषारी आहेत. काळा रंग हवा असेल तर त्याऐवजी तयार काळा स्टेन घ्या.

रचना

अमूर्त सजावटीत ओळखीचा आकार नसतो, म्हणून काहीही चालते असे वाटते. उलट तिथे लपायला जागा नसते. फुलाची पाकळी वाकडी आली तरी फूल कळते. नुसता पट्टा वाकडा आला तर तो का वाकडा आहे याचे उत्तर त्याच्या शेजारच्या आकारात दिसावे लागते.

कागद आणि भांडे यांतला मोठा फरक म्हणजे भांडे एका नजरेत कधीच पूर्ण दिसत नाही. १४ सेंटिमीटर व्यासाच्या पोटाचा घेर ४४ सेंटिमीटर भरतो. समोरून त्यातले निम्मे दिसते, आणि कडेचा भाग वळलेला असल्याने नीट वाचता येतो तो जेमतेम एक तृतीयांश. एका बाजूला सगळा जीव ओतला तर भांड्याला पुढची आणि मागची बाजू तयार होते. घेरावर तीन ठिकाणी भर द्या, पण सारख्या अंतरावर नको. ४४ सेंटिमीटरमध्ये साधारण १०, १४ आणि २० अशी अंतरे ठेवली तर भांडे फिरवताना गती वाढत-कमी होत जाते. पट्टा घेराभोवती जाऊन स्वतःला भेटतो तिथे सांधा जुळवायच्या फंदात पडू नका. शेवट सुरुवातीच्या वर किंवा खाली जाऊ द्या.

उंचीचाही विचार करा. भांडे टेबलावर असले की आपण ते वरून बघतो, त्यामुळे खांदा सगळ्यात जास्त दिसतो आणि पोटाखालचा भाग सावलीत जातो. सगळ्यात गडद आकार पोटाच्या रुंद रेषेच्या किंचित वर ठेवा. तो त्या रेषेच्या बरोबर मधोमध बसवला की भांडे दोन तुकड्यांचे वाटते. सपाट कागदावर सरळ काढलेली उभी रेघ पोटावर फुगते आणि गळ्याशी जवळ येते. म्हणून सराव कागदाच्या चिठोऱ्यावर न करता त्याच आकाराच्या बाटलीवर कागद गुंडाळून करा, किंवा फसलेल्या भाजक्या भांड्यावर पाणी मिसळलेल्या रंगाने काढून पुसत राहा.

पहिल्या भांड्याला तीन रंग पुष्कळ झाले, त्यात स्लिपचा पांढरा धरून. निम्म्याहून जास्त जागा पांढरी राहू द्या.

हात चालवणे

तंत्र कुठले वापरायचे हे मातीच्या ओलीवर ठरते, आवडीवर नाही. स्लिप अजून चकचकीत ओली असताना तिच्यावर बोटे ओढता येतात किंवा दुसरी स्लिप ओतता येते. जपानी कुंभार हामादा शोजी (१८९४–१९७८) जपानमधल्या माशिको इथल्या आपल्या भट्टीवर पळीने ग्लेझ ओतून अशी सजावट करत. तिथे हात थांबला तर ओघळाचा गोळा होतो. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद झाला की कागदी स्टेन्सिल आणि ब्रश यांची वेळ. बोट टेकवून रंग लागत नाही इतके घट्ट झाले की कोरणे.

कागदी स्टेन्सिलला वर्तमानपत्राचा कागद उत्तम. तो पाणी पितो आणि वळणावर बसतो. आकार फाडून काढले तर कड मऊ येते, कात्रीने कापले तर धारदार. ओला करून भांड्यावर चिकटवा, कडा ओल्या स्पंजने आतून बाहेर दाबा. एखादी कड उघडी राहिली तर तिच्याखाली रंग शिरतो. रंगीत स्लिपचे दोन हात कागदाच्या कडेकडून बाहेर नेत द्या, बाहेरून कडेकडे नेले तर ब्रश कागद उचलतो. चकाकी गेली की कागद सुईने उचलून सोलून काढा. आणखी थांबलात तर कडेची स्लिप कागदाबरोबर तुटते.

मग ब्रश. लांब केसांचा, पोट असलेला ब्रश बराच रंग धरतो आणि एका दमात अर्धा घेर फिरतो. रुंद चपटा ब्रश लवकर कोरडा होतो, शेवटी रेघेत पांढऱ्या फटी येतात. त्या फटी हव्या असतील तर हाच घ्या. ब्रश पूर्ण भिजवून, कडेवर एकदाच पुसून, मातीला टेकवण्याआधी हवेत तीच हालचाल एकदा करा. खांद्यातून हात फिरवा, मनगटातून काढलेली रेघ आखूड आणि थरथरती येते. सर्पिल हवे असेल तर भांडे फिरवा आणि ब्रश सावकाश खाली आणा. दोन वळशांतले अंतर हात किती भरभर उतरतो त्यावर ठरते. एकदा उमटलेल्या फटकाऱ्यावर दुरुस्ती करू नका. ओल्या कडेवर पुन्हा गेलेला ब्रश खालची पांढरी स्लिप ढवळतो आणि रंग चिखलासारखा होतो. फसलेला भाग रिबने खरवडून, पांढरी स्लिप देऊन, पुन्हा काढणे जास्त सोपे.

मेण वापरायचे तर पाण्यात मिसळणारे मेण ब्रशने लावा आणि अर्धा तास वाळू द्या. त्यावर ऑक्साइडचे पाणी फिरवले की मेणावर थेंब उभे राहतात. ते थेंब टिपून घ्या किंवा ठिपके म्हणून ठेवा, पण निर्णय तेव्हाच घ्या, मेण भट्टीत जळले की ते तिथेच बसतात. मेण लावलेले ब्रश रंगाच्या ब्रशांपासून वेगळे ठेवा.

शेवटी कोरणे. टोकदार हत्यारापेक्षा तारेचा बारीक फास बरा, तो माती उकरत नाही, उचलतो. रेघेच्या कडेला माती लोळून चिकटत असेल तर अजून ओली आहे. कड तुटून रेघ दाते पडल्यासारखी दिसत असेल तर उशीर झाला. निघालेला चुरा ओला असताना बोटाने झटकू नका, पांढऱ्यात रंग फासला जातो. पूर्ण वाळल्यावर मास्क लावून मऊ ब्रशने अलगद झाडा.

काहीजण सगळे रंगकाम पहिल्या भाजणीनंतर करतात. चुकल्यास धुता येते हा त्याचा फायदा. पण भाजलेली माती पाणी शोषते, ब्रश ओढला जातो आणि फटकारा दोन सेंटिमीटरवर अडतो. तसे करायचे तर आधी ओल्या स्पंजने पुसा आणि अंडरग्लेझचे (ग्लेझखाली लावायच्या रंगाचे) पातळ दोन-तीन हात द्या. जाड, पावडरसारखा थर ग्लेझला धरून ठेवत नाही.

भाजणी

भांडे गालाला लावून थंड वाटले तर त्यात पाणी आहे. पूर्ण वाळायला आठवडा द्या. पहिल्या भाजणीत ८० ते ९० अंशांवर काही तास धरा, मग ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत जा. ५७३ अंशांना क्वार्ट्झ अचानक प्रसरण पावतो, तो टप्पा घाईत ओलांडू नये. ७०० ते ९०० दरम्यान मातीतला सेंद्रिय भाग जळतो, तेव्हा हवा खेळती ठेवा. १००० अंशांना १०-१५ मिनिटे धरून बंद करा.

ग्लेझसाठी फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चायना क्ले, वोलॅस्टोनाइट (कॅल्शियमचे खनिज) आणि बोरॉनची फ्रिट ३१३४, प्रत्येकी २० टक्के, हे कोन ६ चे माहितीतले पारदर्शक मिश्रण आहे. त्यात झिंक नाही आणि कॅल्शियम पुरेसे आहे, म्हणून वरचे रंग त्याच्याखाली टिकतात. तुमच्या मातीवर तडतडते (बारीक तडे जातात) का ते तुकड्यावर आधी तपासा. १०० मिलिलिटर ग्लेझ १४० ते १४५ ग्रॅम भरले पाहिजे. आत ओतून, हलवून, रिकामे करा. आतले वाळले की बाहेरून दोन-तीन सेकंद बुडवा. पायाच्या कडीला आणि तिच्यावर ३ मिलिमीटरपर्यंत मेण लावलेले असू द्या. थर जाड झाला तर पारदर्शक ग्लेझ दुधट होते आणि त्याखालची बारीक रेघ हरवते.

दुसऱ्या भाजणीत १००० पर्यंत ताशी १५० अंश, तिथून वर ताशी ६० अंश, आणि १२२० ला १० ते १५ मिनिटे. शेल्फवर कोन ठेवाच. तापमापक त्या जागेचे तापमान सांगतो, कोन मातीने किती उष्णता घेतली ते सांगतो. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडू नका.

बाहेर काढल्यावर जे दिसते

ग्लेझ मागे सरून गुठळ्या झाल्या असतील तर खाली रंग जाड किंवा धुळकट होता, नाहीतर भाजलेल्या भांड्याला तेलकट हात लागले होते. बारीक टाचणीएवढी छिद्रे आली तर पहिली भाजणी फार भरभर झाली. अडकलेला सेंद्रिय वायू ग्लेझ वितळल्यावर बाहेर पडला. पुढच्या वेळी १२२० वरचा थांबा वाढवण्याआधी पहिली भाजणी सावकाश करून बघा.

ग्लेझवर बारीक जाळी दिसली तर ते मातीपेक्षा जास्त आकसते आहे. क्वार्ट्झ थोडा वाढवल्याने बहुतेक वेळा सुधारते. उलट काठावरून ग्लेझच्या कपच्या उडत असतील तर ते फार कमी आकसते, तिथे क्वार्ट्झ कमी करायचा. ही दुसरी अवस्था धोक्याची, ते भांडे वापरात देऊ नका. स्लिपसकट कपची निघाली असेल तर दोष ग्लेझचा नाही, स्लिप उशिरा दिली होती.

रेघा खाली ओघळल्या तर ऑक्साइड जाड लागले. तीच रेघ स्टेनच्या स्लिपने काढा. रंग नुसता फिकट आला असेल तर आधी पांढऱ्या स्लिपची जाडी तपासा, गडद माती खालून डोकावते तेव्हा सगळेच रंग मळकट होतात.

पायाची कडी ओल्या सिलिकॉन कार्बाइडच्या दगडाने घासून गुळगुळीत करा. मग फुलदाणी काठोकाठ भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. सकाळी कागदावर ओल दिसली तर माती पुरती भाजलेली नाही. ती फुलदाणी वाळलेल्या काड्यांसाठी ठेवा, आणि पुढची भट्टी लावताना कोन पूर्ण वाकला होता की नाही ते आधी बघा.